निरोप दिला, पण तिचा निरोप ऐकला कुणी?

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका गावात लग्नाला गेले होते. अंगणात मांडव, दुपारची वेळ, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. जेवणं आटोपली, मुलीची ओटी भरून झाली आणि लाऊडस्पीकरवर 'ते' गाणं लागलं. कुठलं ते मैत्रिणींना सांगायला नको. पी. सावळाराम यांनी लिहिलेलं, वसंत प्रभूंनी चाल लावलेलं, लता मंगेशकरांनी गायलेलं पाठवणीचं गाणं. आपल्या आईच्या लग्नात ते वाजलं, आपल्या लग्नात वाजलं, आता पुतण्या-भाच्यांच्या लग्नातही वाजतंय. सूर सुरू झाले आणि बायकांच्या घोळक्यात पदर डोळ्यांना लागले. मीही रडले. ते गाणं ऐकलं की मला रडू येतंच, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझ्या शेजारी आमच्या समुपदेशन केंद्रात येणारी एक बाई उभी होती. ती रडत नव्हती. गाणं संपल्यावर हळूच म्हणाली, "ताई, माझ्या लग्नात पण हेच लावलेलं. बाबा तर पोरासारखे रडले. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बांधावर उभे होते म्हणे. दोन वर्षांनी मी रात्रीची घरी आले. पाठीवर वळ, कडेवर पोर. बाबांनी पाणी दिलं, आईला वाढायला सांगितलं. आणि पहाटे वस्तीच्या गाडीत बसवून दिलं. तिकीटसुद्धा त्यांनीच काढलं."

वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहून पहाटे तालुक्याला परत निघणारी एस.टी. कोकणातल्या किती लेकी या गाडीनं अंधारातच परत गेल्या असतील, याची नोंद कुठल्याही डेपोत नाही. उजाडण्याआधी निघालं की वाडीला कळत नाही, हा या गाडीचा मोठाच फायदा.

बांधावर उभा राहून रडणारा बाप आणि पहाटे तिकीट काढणारा बाप हा एकच माणूस आहे. तो दुष्ट नाही. लेकीवर त्याची माया आहे. मग असं का होतं? मला वाटतं, याचं उत्तर त्या रडण्यातच शोधायला हवं.

आपण निरोप कसा देतो ते जरा आठवून पाहा. मराठीत घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. बाजारात निघालेली बाईसुद्धा 'येते हं' म्हणून चप्पल पायात सरकवते. चुकून 'जाते' म्हटलं तर घरातली म्हातारी रागावते, "जाते म्हणू नये, येते म्हण." आपला जिल्हा तर निरोपांचाच. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्या याच कारणानं. गणपती आटोपून चाकरमानी निघाले की एस.टी. स्टँडवर एकच आवाज, "शिमग्याला ये हां!" गणपतीलाही आपण असं सोडत नाही. 'पुढच्या वर्षी लवकर या' असं ओरडून ओरडून घसा बसवतो, आणि पूजा सांगणारे भटजीही विसर्जनाच्या मंत्रात 'पुनरागमनाय च' म्हणतात. गौर तर माहेरवाशीणच. तिला शिदोरी बांधून देतो आणि पुढच्या भादव्यात वाट बघतो.

एवढ्या सगळ्यांना 'ये' म्हणणारी ही भाषा एका माणसाला मात्र 'जा' म्हणते. लग्न होऊन निघालेल्या लेकीला. तिला आपण म्हणतो, जा, ज्या घरी दिली तिथं सुखानं नांद. त्यातला 'दिली' हा शब्द नीट ऐका. दिलेली वस्तू परत घ्यायची नसते. आणि 'सुखानं नांद' हा आशीर्वाद वाटतो खरा, पण ती सुखात नसेल तर काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. सुख झालं नाही, तर तिचंच काहीतरी चुकलं. आशीर्वादाचा हुकूम होतो तो असा.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना वसतिगृहात एका मैत्रिणीनं मला एक फ्रेंच गाणं ऐकवलं होतं. जाक ब्रेल या बेल्जियन गायकानं १९५९ मध्ये केलेलं. 'न म कित पा', म्हणजे 'मला सोडून जाऊ नकोस'. सोडून चाललेल्या प्रेयसीची एक पुरुष गाणंभर विनवणी करतो. त्यातही पुरुषाचा स्वार्थ आहे, त्याला डोक्यावर घेण्याचं कारण नाही. पण एक गोष्ट तेव्हा मनात रुतली. त्या गाण्यातली बाई स्वतः ठरवून निघाली आहे, आणि मागे राहणारा तिला थांबवतो आहे. आमच्याकडे पाठवणीचं ठरवणारे दुसरेच, आणि रडणारेही तेच! 'थांब' असं कुणीच म्हणत नाही. रडता रडता तिला गाडीत बसवतात. फ्रेंचमध्ये निरोपाचे दोन शब्द आहेत असं तीच मैत्रीण सांगायची. पुन्हा भेटू म्हणून सोडताना 'ओ रव्वार', कायमचं सोडताना 'आद्यू'. आपण लेकीला कोणता निरोप देतो, हे ज्यानं त्यानं छातीवर हात ठेवून ठरवावं.

कुणी म्हणेल, माहेर काय तुटतं का? पहिली मंगळागौर, गौरीचा ओवसा, दिवाळी, पहिलं बाळंतपण, सगळ्याला लेक येतेच की. येते ना! बोलावल्यावर येते. मुराळी जातो, सासूची परवानगी घेतो, परतीचा दिवस ठरवतो, मग येते. पाहुणी म्हणून येते. पाचव्या दिवशी शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय गो, कधी जाणार?" न बोलावता, दिवस न ठरवता, गाठोडं घेऊन आलेल्या लेकीला माहेर आहे का, हा खरा प्रश्न आहे. केंद्रातल्या इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं उत्तर आहे, बहुतेक घरांत नाही.

ही काही आजची गोष्ट नाही. पाठवणीचं थोर साहित्य म्हणून ज्याचा गौरव होतो, तो कालिदासाच्या शाकुंतलाचा चौथा अंक घ्या. शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्व ऋषींचा कंठ दाटतो, झाडं तिला वस्त्रं-दागिने देतात, हरणाचं पाडस तिचा पदर धरतं. शाळा-कॉलेजात हा अंक आपण डोळे पुसत शिकलो. पण अंकाच्या अखेरीस कण्व काय म्हणतात? मुलगी हे परक्याचंच धन, ठेव मालकाला परत केल्यावर मन हलकं व्हावं तसं आज माझं मन हलकं झालं! वैरागी माणूस, पण लेकीला ठेव समजण्यात अगदी तुमच्या-आमच्या बापासारखा.

आणि पाचवा अंक? तो कोण वाचतो? राजा तिला ओळखत नाही. ती गरोदर आहे. भर दरबारात तो तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवतो. आश्रमातून पोचवायला आलेला शार्ङ्गरव तेव्हा तिला सुनावतो, की राजा म्हणतो तशी तू असशील तर बापाला तुझा काय उपयोग? आणि तू निर्दोष असशील, तर नवऱ्याच्या घरात दासी होऊन राहणंसुद्धा तुला योग्यच. असं म्हणून सगळे पाठ फिरवतात. ती रडत त्यांच्यामागे धावते, तर हा तिच्यावर डोळे वटारतो. मला तर इथे वस्तीची गाडीच दिसते. चौथ्या अंकात पदर धरणारं ते पाडस पाचव्या अंकात कुठेच नसतं. अखेर शकुंतलेला उचलून नेते ती मेनका. तिची जन्मदाती, जिला कुठल्याच घराची अब्रू सांभाळायची नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतल प्रथम रंगभूमीवर आणलं, तेव्हा पहिल्या चारच अंकांचा प्रयोग केला होता. पुढे सातही अंक झाले. पण समाज म्हणून आपण अजून चौथ्या अंकातच बसून डोळे पुसत आहोत.

बायकांनी स्वतः जी गाणी रचली त्यांत पाचवा अंक भरपूर आहे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. त्या ओव्यांत सासरचा जाच आहे, आईची आठवण आहे, भावाची वाट पाहणं आहे. भोंडल्याचं ते कारल्याच्या बियांचं गाणं आठवा. माहेरी जाऊ का म्हणून विचारणाऱ्या सुनेला सासू सांगते, आधी बी पेर, मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर... फेर धरून हसत-हसत आपण हे म्हणतो. आपल्या पोरींना लहानपणीच शिकवून ठेवतो, की माहेरची वाट सासूच्या परवानगीनंच उघडते.

मराठीत 'निरोप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पाठवणी करणं हा एक, आणि सांगावा धाडणं हा दुसरा. लेकीला वाजतगाजत निरोप देणारी माणसं तिचा निरोप आला की बहिरी होतात. "बरं चाललंय ना?" असं फोनवर विचारतात आणि उत्तराआधीच "सांभाळून घे" म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं आढळलं. त्यांतल्या सर्वाधिक स्त्रिया गेल्या त्या आपल्या माहेरच्या माणसांकडे. पोलीस, वकील, आमच्यासारख्या संस्था हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे पहिलं दार माहेरचंच ठोठावलं जातं. ते बंद झालं की बाकीच्या ८६ जणींत आणखी एकीची भर पडते.

आता पैशाचं बोलू, कारण अश्रूंच्या पाठोपाठ कागद येतो.

कोकणातल्या सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग असते. वर्षानुवर्षं त्या कातळाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मग कलमांना भाव येतो, कुणी फार्महाऊससाठी जागा मागतं, महामार्गाच्या चौपदरीकरणाचा मोबदला येतो. तेव्हा अचानक बहिणींची आठवण होते. भाऊबीजेला साडी येते, आणि साडीबरोबर हक्कसोडपत्र. "ताई, एक सही हवी होती. तुला काय, तू तर तुझ्या घरी सुखी आहेस." पुन्हा ते सुख! पाठवणीच्या दिवशी दिलेला आशीर्वाद भाऊ असा वसूल करतो.

कायद्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाबरोबर जन्मसिद्ध हक्क दिला. चळवळीनं त्याचं स्वागत केलं, ते योग्यच होतं. पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे जिची पाठवणी झाली ती गेली, हे कायदेमंडळानंही मान्य केलं! ही भिंत पडायला ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती यावी लागली. आणि त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत की नाही हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानं संपवला. हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्मानंच आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम भगिनींना तर शरियतनं मुलाच्या निम्मा वाटा शतकानुशतकं सांगितलेला आहे. तोही भावाच्या मायेखातर सोडून देणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. धर्म वेगळा, पण डोळ्यांतलं पाणी आणि कागदावरची सही तीच.

इथे एक कबुली द्यायला हवी. मीही सही केली आहे. शिबिरांतून बायकांना २००५ ची दुरुस्ती समजावून सांगणारी मी, २०१९ च्या दिवाळीत भावानं कागद पुढे केला तेव्हा दहा मिनिटंसुद्धा वाद घातला नाही. जमीन गेल्याचं मला तेवढं दुःख नव्हतं. सही केली नाही तर गौरीला घरी कोण बोलवेल, ही भीती होती. माझी पदवी, माझी नोकरी, माझं वाचन, सगळं त्या एका भीतीपुढे गप्प बसलं. म्हणून सही करणाऱ्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती अडाणी नसते. माहेराचं दार थोडं तरी किलकिलं राहावं म्हणून ती आपला हक्क मोजून देते. आणि गंमत अशी, की गाठोडं घेऊन यायची वेळ आली तर ते दार तेवढ्यानंही उघडत नाही.

आमच्यावर नेहमीचा आक्षेप येणार, की तुम्ही घरं मोडायला शिकवता. मला विचारायचं आहे, ज्या घरात बाईच्या पाठीवर वळ उठतात ते घर मोडलेलं नाही तर काय आहे? परतीचं दार उघडं असलेली लेक ऊठसूट परत येते, असा अनुभव आम्हाला नाही. उलट, हिच्या पाठीशी माणसं आहेत हे सासरी कळलं की पुष्कळदा हात आवरतो. जिच्या माहेरचं कुणी फिरकत नाही, तिच्यावर तो अधिक सहज उठतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. भावाचं दोन खोल्यांचं घर, त्याची दोन मुलं, म्हातारे आईबाप, मुंबईत असेल तर चाळीतली एक खोली. तिथे बहीण आणि तिची पोरं कुठे ठेवायची? हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. गरिबीनं माया आटते हे मी रोज बघते. भावजयही कुणाची तरी पाठवून दिलेली लेकच असते, आणि तिच्या वाट्याला दुसरीचा भार येतो. पण ज्या घरांत जागा आहे, रिकामी माडी आहे, मुंबईकरांसाठी वर्षभर कुलूप लावून ठेवलेली खोली आहे, तिथेही लेकीला जागा नसते. म्हणजे अडचण फक्त जागेची नाही. शिवाय सातबाऱ्यावर तिचं नाव राहू दिलं असतं, तर ती कुणाच्या दयेवर आली नसती, आपल्या वाट्यावर आली असती. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो फक्त नवऱ्याच्या घरापुरता आहे अशी समजूत दिसते, ती चुकीची आहे. रक्ताच्या नात्यानं एका घरात राहिलेल्या मुलीला, बहिणीलाही तो राहत्या घराचा आधार देतो.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या देवरूखच्या गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या. त्या काळात तिचं पुढचं आयुष्य ठरलेलं होतं. पण त्या मुंबईला भावाकडे आल्या आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, मुरूड गावानं बहिष्कार टाकला, आणि 'बाया कर्वे' म्हणून त्या हिंगण्याच्या कामात उभ्या राहिल्या. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मकथन जरूर वाचा. दिलेली लेक परत घेऊन तिला पुढची वाट दाखवणारी माणसं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच मातीत होती. तेव्हा तर पाठीशी आजच्यासारखे कायदेही नव्हते.

ते गाणं लावू नका असं मी म्हणणार नाही. गाणं सुंदर आहे, रडू खरं आहे. पाठवणीत रडणारी प्रत्येक बाई आपली स्वतःची पाठवणी आठवत असते, आणि रडायला बाईला या समाजात जागा तरी किती आहेत! माझं म्हणणं एवढंच, की डोळे पुसून झाल्यावर पुढचं वाक्य बोला. मांडवातच, चार माणसांसमोर, जावयाच्या आणि त्याच्या आईबापांच्या देखत लेकीला सांगा, "बाय, हे घर तुझं आहे. कधीही ये. कारण सांगावं लागणार नाही." भावानं सांगावं, वहिनीनं सांगावं. भाऊबीजेच्या ताटात कागद ठेवू नका. सही मागायचीच असेल तर तिला कागद वाचायला द्या, वकिलाला दाखवू द्या, नाही म्हणू द्या, आणि नाही म्हटल्यावरही गौरीला बोलवा. आणि ती रात्री-अपरात्री आलीच, तर 'कधी जाणार' हा प्रश्न विचारू नका. ते तिचं तिला ठरवू द्या.

त्या लग्नात गाडी निघायच्या आधी माझ्या शेजारची ती बाई घोळक्यातून पुढे गेली. नवरी तिच्या नात्यातली नव्हती, वाडीतली होती. खिडकीशी वाकून तिनं नवरीच्या हातात काहीतरी कोंबलं. आहेराचं पाकीट असेल असं मला वाटलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "माझा फोन नंबर लिहून दिला, ताई. म्हटलं, पहाटेच्या गाडीत बसवायला लागले तर मला फोन कर. मी स्टँडवर येते."